अंगठ्याची चिंधी

फाटकाच्या खुंटीला चिंध्या लटकल्या आहेत ना, त्यातली एक घ्या आणि उजव्या अंगठ्याला बांधा. घट्ट बांधा, नख दिसता कामा नये. मग आत चला. सांजवडच्या बोरांच्या बागेत उघड्या अंगठ्याने कोणी शिरत नाही. पाहुणा असो, माळी असो, नाहीतर मोठा साहेब असो. हसू येत असेल तर हसून घ्या. माझी सूनही लग्न होऊन आली तेव्हा हसली होती. आता जुनी लुगडी फाडून या चिंध्या तीच करते.

हे झाड पाहा. वर गोड बोरांच्या फांद्या, आणि खाली बुंध्याशी ही एक काटेरी रानटी काडी. बोराची लागवड ज्याला ठाऊक आहे तो म्हणेल, माळी आळशी दिसतो. खरे आहे त्याचे. रानबोरीचा बुंधा कापून त्यावर गोड झाडाचा डोळा, म्हणजे कोंब, भरतात, आणि मग डोळ्याखालून येणारे रानफुटवे सतत खुडावे लागतात. नाहीतर रान जोर धरते आणि गोड डोळा उपाशी मरतो. तरी आमच्याकडे प्रत्येक झाडाला एक फुटवा राखतात. का, ते सांगतो. बसा इथेच सावलीत.

फार पूर्वी इथे नुसता माळ होता आणि माळभर रानबोरी. एकदा असा दुष्काळ पडला, म्हणे, की विहिरींच्या तळाला भेगा गेल्या. गुरे मेली. माणसे उरली ती या रानबोरांवर. वाळवायची, कुटायची आणि ते पीठ पाण्यात कालवून प्यायची. पाऊस आल्यावर जुनी माणसे पलीकडच्या टेकडीवर बोराई देवीच्या शेंदरी दगडापुढे गेली आणि त्यांनी शब्द दिला. आई, तुझी झाडे आम्ही वाढवू, त्यांची फळे खाऊ, पण प्रत्येक झाडाची एक फांदी तुझी. ती तोडली, तर आमच्या घरची फांदी तू घे. भुकेतून वाचलेला माणूस काय वाटेल ते कबूल करतो. पोट भरलेल्या नातवंडांच्या ते लक्षात राहत नाही.

पुढे कितीतरी पिढ्यांनी सटवाजी माळी झाला. डोळा भरण्याची विद्या गावात त्यानेच आणली. त्याच्या हाताचा डोळा कधी वाया जात नसे. ही सारी बाग त्याची. बायको तानाई, आणि नवसासायासाने झालेली एकच मुलगी, राही. सहा वर्षांची होती. बापाच्या मागे मागे बागभर फिरायची.

सटवाजी फुटवा म्हणून ठेवत नसे. झाडाजवळून गेला की अंगठ्याचे नख टेकवायचा आणि पुट्‌कन खुडायचा. तानाईला ते बघवत नसे.

"आवं, येक तरी राहू द्या. आईचा वाटा हाय त्यो."

"रान काय माझं भाऊबंद हाय, वाटा द्यायला?" तो म्हणायचा.

त्या पावसाळ्यात राहीच्या दंडावर ओरखडे दिसू लागले. तानाईला वाटले, खेळताना लागले असेल. मग तिने पोरीला घराबाहेर सोडणे बंद केले, तरी ओरखडे उठतच राहिले. एके सकाळी राहीला मांडीवर घेऊन ती ओट्यावर बसली होती. बागेतून आवाज आला, पुट्‌. आणि तानाईच्या डोळ्यांसमोर, कशाचाही स्पर्श नसताना, पोरीच्या दंडावर लाल रेघ उमटली. पुन्हा आवाज आला. पुन्हा रेघ. राही रडलीसुद्धा नाही. ती म्हणाली, "आये, आबा आज लई काम करत्यात."

तानाई पोरीला कडेवर घेऊन धावत बागेत गेली आणि तिने ते दंड नवऱ्यासमोर धरले. सटवाजी हट्टी होता, पण बाप होता. तिघे तसेच टेकडीवर गेले, ओटी भरली, आणि दगडावर हात ठेवून तो म्हणाला, "आई, चुकलो. आजपासनं येका बी फुटव्याला हात लावनार न्हाय."

ओरखडे थांबले. राहीचे दंड बरे झाले. बागेत फुटवे वर येऊ लागले, आणि सटवाजी हात पाठीमागे बांधून हिंडू लागला. तानाई पहिल्यांदा सुखाने झोपली, असे सांगतात. मला तर कथेतल्या याच जागेची सगळ्यात जास्त भीती वाटते, कारण इथे सगळ्यांना वाटले होते की आता निभावले.

भादव्यातली दुपार होती. ऊन असे की होले-पारवेसुद्धा गप्प. राही बागेत लपायला गेली आणि बराच वेळ आली नाही. तानाईने हाक मारली, सटवाजीने मारली. तो झाडामागून झाड बघत शेवटच्या कोपऱ्यात आला. तिथले झाड अशक्त होते. इतरांना चार-चार फुटवे फुटले होते, त्याला एकच होता. त्या बुंध्याशी सटवाजी टेकला, मान उंच करून बांधापलीकडे बघू लागला आणि जीव तोडून ओरडला, "राहीऽऽ!"

जन्मभराचा माळी. मन पोरीत होते, नजर बांधावर होती. हात मात्र बुंध्यावर होता आणि अंगठ्याला काम ठाऊक होते.

पुट्‌.

"आबा!" इतकेच ऐकू आले. अगदी जवळून, त्याच्या गुडघ्यांपाशी. त्याने खाली पाहिले तेव्हा हातात खुडलेला फुटवा होता आणि मातीत राहीची हिरवी बांगडी पडली होती. ती फुटलीही नव्हती. गावाने माळ पिंजून काढला, विहिरीत गळ टाकले. राही कुणालाच सापडली नाही.

सटवाजीने अंगठा तोडायला कोयता उचलला होता, म्हणे. तानाईने तो हिसकावला. "त्यो तोडून माजी पोर येनार हाय का?" ती म्हणाली. "बांदून ठिवा त्याला. मरंस्तवर बांदून ठिवा." तिने लुगड्याचा काठ फाडला आणि स्वतःच्या हाताने त्याचा अंगठा आवळला. पुढे तो जगला तितका डाव्या हाताने काम करत जगला.

पुढच्या पावसात त्या खुडल्या जागेतून नवा फुटवा निघाला. तानाईने त्यात ती बांगडी घातली आणि रोज त्याला पाणी घातले.

ते कोपऱ्यातले झाड आजही आहे. फुटवाही आहे. सहा वर्षांच्या पोरीइतका उंच झाला आणि तिथेच थांबला. माझ्या आजोबांनी पाहिला तेव्हाही तेवढाच होता. आजही भादव्यात दुपारच्या वेळी या बागेत कोणी पोराला नाव घेऊन हाक मारत नाही. आणि आजही चिंधी बांधल्याशिवाय फाटक उघडत नाही.

पाहुणे, आता मी सांगतो ते नीट ऐका आणि दचकू नका. तुमची चिंधी सुटून पायाशी पडली आहे, आणि तुमचा अंगठा मघापासून त्या काडीवर फिरतो आहे. हळूच काढून घ्या. हळू. तुम्हाला कळलेही नाही ना? त्यालाही कळले नव्हते.