डाव्या बुगडीची अंगठी

दागिने अजून मोठ्याने भांडत असत, तेव्हाची गोष्ट. मैनावतीच्या कानांत दोन बुगड्या होत्या. सोनं एक, घडण एक, पण एकीला जन्मभर सगळ्यांनी 'डावी' म्हटलं, आणि ते तिला फार लागलं होतं.

मैनावतीने दोघी मोडून अंगठी करायला दिल्या, तेव्हा डावी हरखली. "आता खड्याशेजारी मी मिरवणार. तू बस तळहाताकडे, तोंड लपवून!"

"लपवायला काय झालं? तुझंच तोंड आहे ते," उजवी म्हणाली.

सोनाराने दोघींना एकाच मुशीत घालून वितळवलं. "सरक गं, माझ्या जागेत येऊ नकोस!" डावी ओरडली. पण आपली जागा नेमकी कुठे संपते, हे तिलाच सापडेना.

"खडा नको हं, सोनारकाका," मैनावती कडेवरचं बाळ सावरत म्हणाली. "याला ओरखडे येतात. साधं गोल वेढंच करा."

वेढ्याला ना पुढची बाजू, ना मागची. तरी बोटात चढताच डावीने ओरडून घेतलं, "मीच पुढे!"

कोणीच टोमणा मारला नाही. दुपारी मैनावती कणीक मळायला बसेपर्यंत तिने वाट पाहिली. शेवटी तिच्याच तोंडून निघालं, "मिरवतेस काय, कणकेत बुडाली आहेस!"

आवाज हुबेहूब उजवीचा होता.