फेटा आणि तिसरी घंटा

धामणगिरीच्या महाराजांना नाटकाचा भारी नाद, पण वेळेवर येतील तर ते महाराज कसले! सहाचा खेळ असला की आठला डुलत डुलत येणार, भालदार ललकाऱ्या देणार, अख्खं नाट्यगृह उठून मुजरा करणार आणि मग हुकूम सुटणार, "पुन्हा नांदीपासून!" दहाला ते जेवायला उठले की खेळ बंद. महिनाभरात गावाला पहिला अंक तोंडपाठ झाला, पण शेवटी नायिकेचं लग्न कुणाशी होतं, ते एकालाही ठाऊक नव्हतं.

रोज दोनदा नांदी गाऊन नटांचे आवाज बसले. शेवटी नाटक मंडळीचे मालक आबाजी निमकर राजवाड्यावर जाऊन हात जोडून म्हणाले, "सरकार, खेळ एकदाच, जरा वेळेवर सुरू झाला तर..."

"म्हणजे आम्ही उशिरा येतो?" महाराज कडाडले. "ठीक! उद्या खेळ सहाच्या ठोक्याला सुरू झालाच पाहिजे! पण आम्ही हजर असल्याशिवाय एक अक्षर उच्चारायचं नाही. आणि फेटा मनासारखा बसल्याशिवाय आम्ही महालाबाहेर पाऊल टाकणार नाही. जमलं तर बरं, नाहीतर परवा संस्थानाबाहेर चालते व्हा!"

आबाजी तोंड पाडून परतले. "मेलो! दोन तास लागतात त्या फेट्याला!"

मंडळीचे कपडे शिवणारी तानूबाई तोंडातली सुई काढत म्हणाली, "एवढंच ना? मला मोठा पडदा द्या आणि घंटा द्या. आणि मालक, गावाला सांगा, उद्या आपापली सतरंजी आणा."

दुसऱ्या दिवशी महाराज आरशापुढे बसले होते. फेट्याचे चार वेढे डोक्यावर, उरलेलं टोक हुजऱ्याच्या हातात. पाठीमागच्या कमानीत पडदा टांगला गेला, तरी त्यांना पत्ता नाही. पहारेकऱ्यांनाही नायिकेचं लग्न बघायचं होतं, त्यांनी दरवाजा सताड उघडला होता.

घण्! घण्! तिसऱ्यांदा घण्! सहाचा ठोका पडला आणि पडदा वर गेला. महाराजांनी वळून पाहिलं, तर चौकात सारं गाव बसलेलं आणि कमानीतच नट नांदी गाताहेत!

"हा काय प्रकार?"

"खेळ, सरकार!" तानूबाई म्हणाली. "सहा वाजले, आपण हजर आहात, महालाबाहेर पाऊलही टाकलं नाहीत. सगळे हुकूम पाळले!"

"पण हे सगळे आमच्याकडे काय बघताहेत?"

"सवय आहे त्यांना! खेळ चालू असताना लोक रोज सरकारांकडेच बघतात. आज सरकार लवकर आले, एवढंच!"

हुजऱ्याला हसू आवरेना. त्याचा हात सुटला आणि फेटा घसरून महाराजांच्या नाकावर आला. आबाजींनी डोळेच मिटले. महाराज मात्र फेटा नाकावरून वर सारून बघत बसले, आणि पहिला अंक कधी संपला ते त्यांना कळलंही नाही. पडदा पडला.

"अरे, पुढे?"

"पुढचं उद्या, नाट्यगृहात," तानूबाई म्हणाली. " तिसरी घंटा झाली की दार बंद. सरकारांसाठीसुद्धा!"

"बंद? मग त्या पोरीचं लग्न कुणाशी होतं, ते आम्हाला कसं कळायचं?"

"जो वेळेवर येईल त्याला कळेल!"

आबाजींनी पुन्हा डोळे मिटले. मग महाराज असे खदाखदा हसले की फेटा पुरता सुटून मांडीवर पडला. त्यांनी तो जरीचा फेटा गोळा करून तानूबाईच्या हातात दिला.

"हा घे तुला! उद्या आम्ही टोपी घालून येतो!"