भांगाच्या डोंगराची आण

वाडीमागचा डोंगर झाडांनी गच्च भरला आहे, पण पायथ्यापासून खिंडीपर्यंत मधोमध गवताची उघडी पट्टी जाते, केसांत भांग पाडावा तशी. पाहुणे विचारतात, वणवा लागला होता का? वाडीतले म्हातारे सदूआण्णा या प्रश्नासाठीच टपलेले असतात. पाहुण्याला दगडावर बसवून घेतात आणि सांगू लागतात.

फार जुनी गोष्ट, म्हणे. तेव्हा डोंगर बोडका झाला होता आणि त्याच्या पायथ्याचा झरा आटत चालला होता. येसाजी पाटलांनी गाव जमवला. ठरलं, डोंगरावर कुऱ्हाड बंद, चराई बंद. वाडीचा कायदा तेव्हा वरून येत नसे; ज्याने त्याने देवळात बेलभंडार उचलून शपथ घेतली की तोच कायदा. सगळी आली, बायकासुद्धा. ठकूबाई धनगरीण तेवढी शेळ्यांमागे होती. विधवा बाई, तिच्या वाटचा भंडारा दिराने उचलला आणि गाव निर्धास्त झाला. दुसऱ्याच्या वतीने हो म्हणायला आपल्याकडे माणसं कधी कमी पडत नाहीत.

तिन्हीसांजेला ठकूबाईच्या कानावर हे गेलं. डोंगर बंद म्हणजे शेळ्या विकायच्या आणि वाडी सोडायची. ती तशीच देवळात गेली.

"पाटील, हात माझा हाय. म्या उचलला न्हाई."

पाटील मनातून चिडले, असं सांगतात. एका बाईपायी झरा घालवायचा? पण खोट्या शपथेचा कायदा देव मानणार नाही, हेही त्यांना कळत होतं. तुझी अडचण काय ती सांग, म्हणाले. ठकूबाईने डोंगराकडे बोट केलं.

"बोलून न्हाई कळायचं. सकाळी माझ्यासंगं चला."

सकाळी सगळा गाव तिच्या शेळ्यांमागे डोंगर चढला. खिंडीत धापा टाकत उभं राहिल्यावर पाटलांना दिसलं, पलीकडच्या उतारावर मुबलक चारा होता आणि तिकडे जायला एवढी एकच वाट. बाकी सगळे कडे. ठकूबाईला डोंगर नको होता, वाट हवी होती. उतरताना शेळ्या जेवढ्या पसरल्या, तेवढी रुंदी धरून गावाने दोन्ही कडांना दगड लावले. मग तिने स्वतःच्या हाताने भंडारा उचलला आणि वर आपली एक अट घातली: दगडापलीकडे माझ्या शेळीने तोंड घातलं, तर ती शेळी गावाची.

पुढच्या उन्हाळ्यात तिची लाडकी पाठ, हाताने दूध पाजून वाढवलेली तरुण शेळी, कोवळ्या रोपांत शिरली. पाहणारं कोणी नव्हतं. ठकूबाईने तिला चावडीत आणून बांधलं. पाटील म्हणाले, असू दे, एवढ्याने काय होतंय. ती डोळे पुसत म्हणाली, "दुसऱ्याचा कायदा असता तर दडवली असती. ह्यो माझा हाय."

इथे आण्णा वर पट्टीकडे बघतात. त्यांच्या लहानपणी पट्टीवर शेळ्यांच्या घंटा वाजत. आता वाडीत शेळी औषधालाही सापडत नाही. ते दिवस गेले, याचं त्यांना वाईट वाटतं. तरी गाव ती पट्टी दरसाल साफ ठेवतो. आणि आजही नवा नियम करायचा झाला की कोणी कोणाच्या वतीने भंडारा उचलत नाही. अंथरुणाला खिळलेल्याच्या दारात गाव जाऊन बसतो. नव्या तळ्याचा नियम झाला, तेव्हा आण्णांच्या आईने शेवटच्या आजारात भंडारा उचलला नाही. आधी मला जागा दाखवा, म्हणाली. गावाने तिला बाजेसकट उचलून तिथे नेलं.