जनार्दन तांडेलचं दुसरं पुस्तक

"नोकरी सोडली तर दुसरं पुस्तक होईल ना, बाबा?"

जनार्दन तांडेलने बसायच्या आधीच विचारलं.

कासमबाबा खाडीकाठच्या दर्ग्यात राहणारे फकीर. त्या सकाळी ते शेजारच्या हौसाबाईच्या अंगणात बसून, तिच्या आणि तिच्या सुनांच्या बरोबरीने सुके बोंबील निवडत होते.

जनार्दन भर समुद्रातल्या तेलाच्या रिगवर कामाला. चौदा दिवस पाण्यात, चौदा दिवस घरी. पाण्यातल्या दिवसांत तो रोज बायकोला, सुलभाला, पत्र लिहायचा. रिगवर कुठली टपालपेटी? घरी येताना गठ्ठाच घेऊन यायचा. सुलभाने ते गठ्ठे त्याला न विचारता पुण्याच्या एका प्रकाशकाकडे धाडले, आणि एके दिवशी पुस्तकच घरी आलं! लोकांनी ते उचलून धरलं. तीन गावांत सत्कार झाले.

तेव्हापासून जनार्दनने पत्रं लिहिणं बंद केलं. तो साहित्य लिहू लागला.

आज त्याच्या खिशात राजीनामा होता.

"रिगवर फार कलकलाट, बाबा. मशिनं, हेलिकॉप्टर, माणसं... लेखकाला एकांत लागतो."

"किती लिहून झालं?"

"एक पान."

"कधीपासून लिहितोयस?"

"चार महिने..."

बाबांना अक्षरओळख नव्हती. "वाच," ते म्हणाले.

जनार्दनने घसा खाकरला. "अथांग नीलिमेच्या कुशीत, मानवी एकाकीपणाचा एक पोलादी हुंकार..."

धाकट्या सुनेने जांभई दिली. हौसाबाईने एक कावळा हाकलला.

बाबांनी बोंबलांची एक टोपली त्याच्यापुढे सरकवली.

जनार्दन हिरमुसला. पण बसला, निवडू लागला.

"काय रे," हौसाबाईने विचारलं, "तिकडं पाण्यात कावळं येतात का?"

"कावळे नाही, मावशी. पण एकदा घुबड आलं होतं."

"घुबड? समुद्रात?"

"वाट चुकलेलं. दमून डेकवरच बसलं. आमचा सेफ्टी ऑफिसर ओरडला, डेकवर हेल्मेटशिवाय कुणी थांबायचं नाही! तर आमच्या सरदारजीने आपलं हेल्मेट काढलं, उलटं करून खाली ठेवलं. घुबड आत जाऊन बसलं ना! आता घुबडाला हेल्मेट, आणि सरदारजी बिनहेल्मेटचा. ऑफिसरने मेमोचं पुस्तक उघडलं..."

दोघी सुना हसून हसून लोळल्या. हौसाबाईच्या डोळ्यांना पाणी आलं. बोंबील कुणीच निवडत नव्हतं. जनार्दनही हसत होता, कितीतरी दिवसांनी.

मग त्याला एकदम आठवलं. त्याने खिशातून कागद काढला.

"पण बाबा, राजीनाम्याचं काय? देऊ ना?"

"दे."

बाबांनी कागद हातात घेतला, मांडीवर पसरला. त्यावर मूठभर चांगले बोंबील ठेवले, नीट पुडी बांधली आणि त्याच्या हाती दिली.

"सुलभाला दे."

जनार्दन पुडीकडे बघत राहिला...

बाबा पुढे सरकून बसले.

"हं. मग मेमो सरदारजीला दिला, की घुबडाला?"