मीठ आणि उपास

सुभेदार केदोपंतांच्या बंदरावर एक रिवाज होता. आश्रय मागणाऱ्यानं आधी इथलं मीठ खाऊन इमानाची शपथ घ्यायची, मगच किनाऱ्यावर पाय ठेवायचा.

एका दुपारी तिथं एक फुटकी होडी लागली. पलीकडच्या राजानं प्रार्थनाघर जाळून देव बदलायचा हुकूम काढला, म्हणून पळालेली माणसं तिच्यात होती. त्यांच्यातली वडीलधारी म्हणजे शेगुलाबाई. केदोपंतांनी मिठाचं ताट पुढं केलं, तसे तिनं हात जोडले.

"सरकार, आज आमचा वर्षाचा मोठा उपास. चांदण्या दिसेपर्यंत पाण्याचा थेंबही चालत नाही."

केदोपंतांचा पारा चढला. "इथं माझा हुकूम चालतो. आत्ताच्या आत्ता उपास मोडा, नाहीतर होडी वळवा."

होडीत पाणी शिरत होतं. सगळे म्हातारीच्या तोंडाकडं बघत होते.

"हुकुमावरून उपास मोडता आला असता," ती शांतपणे म्हणाली, "तर आम्ही घरीच राहिलो असतो, सरकार. आणि धाकानं देवाशी बेइमान होणारी माणसं तुमच्या मिठाला कितीशी जागणार?"

केदोपंतांनी ताट मागं घेतलं. मग शिपायाला म्हणाले, "उतरवून घ्या सगळ्यांना. मीठ चांदण्या दिसल्यावर द्या. आणि नुसतं नको, गरम पेजेतून द्या."

संध्याकाळी पेजेत मीठ घातलं ते खुद्द केदोपंतांनी, तेही सढळ हातानं. शेगुलाबाईनं पहिला घोट घेतला, डोळे मिटले आणि शेजारी बसलेल्या आपल्या सुनेला म्हणाली, "खारट झालीय. पण पी बाई, आता इथंच राहायचंय."