रकाना रिकामा नको

एका तालुक्याच्या गावाबाहेर, एमआयडीसीच्या अगदी शेवटच्या प्लॉटवर, एक दूध डेअरी होती. प्लॉट शेवटचा, त्यामुळे तिथपर्यंत सगळं उशिराच पोचायचं. रस्ता, पाणी, नवीन कल्पना, सगळंच.

डेअरीचं काम तसं सोपं होतं. कच्चं दूध यायचं, यंत्रात बहात्तर अंशांना तापायचं, गार होऊन पिशव्यांत जायचं. त्यातल्या चारशे पिशव्या रोज गावातल्या बालवाड्यांना जायच्या. दूध नीट तापलं नाही तर पोरांची पोटं बिघडणार, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. म्हणून दर तासाला मीटर बघायचा आणि आकडा वहीत लिहायचा, अशी पद्धत होती.

डेअरीचे चेअरमन होते मल्लिनाथअप्पा. त्यांचा नियम एकच. वहीत रकाना रिकामा नको. एकदा मीटर बंद पडला म्हणून एका ऑपरेटरने रकाना मोकळा सोडला होता. अप्पांनी त्याला सगळ्यांसमोर विचारलं, "मग तुझ्या पगाराचाही मोकळाच सोडू का?"

तेव्हापासून वही कशी भरगच्च. मीटर चालू असला तरी बहात्तर, बंद असला तरी बहात्तर.

प्रत्येक पानाखाली सही करायच्या त्या प्लांट इनचार्ज वासंतीबाई. नऊ वर्षं करत होत्या. पहिल्या वर्षी त्यांची सही पूर्ण नावाची होती. नवव्या वर्षी ती झुरळाच्या मिशीएवढी उरली होती. वहीत काय चालतं ते त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण कळलेल्या गोष्टीचं पुढे काहीतरी करावं लागतं, आणि त्यासाठी लागणारी ताकद चाळिशीनंतर दुपारी चारपर्यंत टिकत नाही. काहींची तर सकाळी अकरालाच संपते. मी नाव घेत नाही, आमच्याच घरात आहे.

मग एके दिवशी अप्पांनी ठरवलं की आता वही बंद. कॉम्प्युटर आणायचा. सगळा प्लांट एका स्क्रीनवर दिसला पाहिजे. त्यासाठीचं सॉफ्टवेअर निवडायचं काम वासंतीबाईंकडे आलं. का, तर ऑफिसातल्या प्रिंटरमध्ये अडकलेला कागद फक्त त्यांनाच काढता यायचा.

दोन महिने विकणारे येत राहिले. प्रत्येकाचा लॅपटॉप वेगळा, पण बोलणं एकच. प्रत्येकाच्या स्क्रीनवर निळ्या टाक्या, हिरवे पाईप आणि फिरणारे पंखे. वासंतीबाईंनी दोन महिन्यांत सत्तर कप चहा प्यायला आणि "मॅडम, हे तर मोबाईलवरही दिसतं" हे वाक्य त्याहून जास्त वेळा ऐकलं. शेवटी शेवटी त्यांना झोपेतही पंखे फिरताना दिसायला लागले.

होता होता दोनच सॉफ्टवेअर उरली. किंमत सारखी, टाक्याही सारख्याच निळ्या. एका शनिवारी दुपारी अप्पांसमोर दोन्ही चालवून बघायची ठरली. दुधाच्या पाईपात तापमान मोजणारा सेन्सर होता. त्याची वायर दोन्ही विकणाऱ्यांच्या लॅपटॉपला जोडली.

इसाकभाई नावाचे ऑपरेटर तिथे उभे होते. सव्वीस वर्षं त्याच यंत्रावर. त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं, म्हणून त्यांनीच विचारलं.

"साहेब, वायर तुटली तर हे काय दाखवतं?"

पहिला विकणारा हसला. "चाचा, वायर कशाला तुटेल?"

"उंदीर आहेत आमच्याकडं."

वासंतीबाई म्हणाल्या, "इसाकभाई, उपटा वायर."

त्यांनी उपटली. पहिल्या स्क्रीनवर चौऱ्याहत्तर पूर्णांक दोन असा आकडा होता. तो तसाच राहिला. एक मिनिट गेलं, पाच मिनिटं गेली. वायर इसाकभाईंच्या हातात लोंबत होती आणि स्क्रीनवर दूध चौऱ्याहत्तर अंशांना छान हिरवंगार तापत होतं.

"बघा!" विकणारा म्हणाला. "आमची स्क्रीन डगमगत नाही."

दुसऱ्या स्क्रीनवर आकडा केव्हाच गेला होता. त्याच्या जागी एक राखाडी चौकोन आला होता. त्यात लिहिलं होतं, 'माहिती नाही'.

अप्पांनी तो चौकोन चष्मा वर करून वाचला, मग खाली करून वाचला.

"एवढं महागाचं घ्यायचं आणि वर हे आपल्याला माहिती नाही म्हणणार? ते तर आमचे जावई फुकटात म्हणतात."

सगळे हसले. दुसरा विकणाराही हसला बिचारा.

"पहिलं बरंय," अप्पा म्हणाले. "रकाना भरलेला तरी दिसतो. काय बाई, करायची का सही?"

निवडीचा कागद वासंतीबाईंच्या पुढ्यात आला. पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. स्टाफची बस साडेपाचला सुटायची. झुरळाच्या मिशीएवढी सही, अर्ध्या सेकंदाचं काम. नको म्हणायचं तर का नको ते सांगावं लागणार होतं. आणि का नको ते सांगायचं तर स्वतःचंच नाव घ्यावं लागणार होतं.

त्यांनी पेन खाली ठेवलं.

"अप्पा, मागच्या मंगळवारी मीटर दोन तास बंद होता. वहीत दोन्ही तासांना बहात्तर लिहिलंय. खाली माझी सही आहे."

"मग खरं किती होतं?"

"मला माहिती नाही."

अप्पांचा आवाज बारीक झाला. "ते दूध कुठं गेलं?"

"बालवाड्यांना."

"पोरांना काही झालं का?"

"तेही माहिती नाही, अप्पा. मी विचारलंच नाही."

आता कुणीच हसलं नाही. अप्पा इसाकभाईंकडे वळले.

"असं कितीदा झालं?"

"मोजलं नाही, अप्पा. तुम्ही म्हणाला रकाना भरा. आम्ही भरला."

अप्पांनी वही मागवली. पानं उलटत गेले. बहात्तर, बहात्तर, बहात्तर. इतकी वर्षं ही वही ते पाहुण्यांना कौतुकाने दाखवायचे. मग त्यांनी पहिल्या स्क्रीनकडे बघितलं. दूध अजून चौऱ्याहत्तरच होतं.

"लबाड आहे हे," अप्पा म्हणाले.

"लबाड नाही, अप्पा," वासंतीबाई म्हणाल्या. "आपल्यासारखं आहे."

अप्पा चिडले. चिडणारच. बाईंना सोमवारी मेमो मिळेल असं त्यांनी तिथेच सांगितलं. मग वही मिटली, आणि उठता उठता दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या कागदावर सही केली. इसाकभाईंना म्हणाले, "उद्यापासून मीटर बंद असला तर रकाना मोकळा सोडा. दूध थांबवा. मला फोन करा. ओरडणार मी, पण करा."

बस निघून गेली होती. वासंतीबाईंना वाटलं होतं की खरं बोलल्यावर हलकं वाटेल. तसं काही वाटलं नाही. पाय दुखतच होते.

त्या ऑफिसात गेल्या आणि बालवाड्यांची यादी काढून एकेक फोन लावायला लागल्या. पहिल्या तीन ठिकाणी सगळं ठीक होतं. चौथ्या बालवाडीच्या बाई म्हणाल्या, "मंगळवारनंतर ना? हो, बुधवारी सहा पोरं आली नव्हती. पोट बिघडलं होतं म्हणे. आता बरी आहेत सगळी. आम्हाला वाटलं, खिचडीचं काहीतरी झालं असेल. आमच्या मदतनीस ताईंना लई बोलले मी त्यावरून. तुम्ही का विचारताय?"



वासंतीबाईंनी का ते सांगितलं. आणि म्हणाल्या, "ताईंचा नंबर द्या. त्यांनाही मीच सांगते."

तात्पर्य: जे माहीत नाही ते 'माहिती नाही' म्हणून सांगणारं यंत्र घ्यावं आणि तसं सांगणाऱ्या माणसावर ओरडू नये. खोटा आकडा आपला रकाना भरतो, पण त्याचा त्रास आणि त्याचा दोष भलत्याच कुणाच्या तरी पदरात पडतो.