तुंगव्वाची पायरी

फार वर्षांपूर्वी, बेळकट्टीच्या वेशीवर अजून चिंच उभी होती तेव्हाची ही गोष्ट. गावात गंगव्वा नावाची म्हातारी होती. कापडाचे धागे मोजून ती असा कशिदा काढायची की गाठ कुठे सापडायची नाही, आणि लुगडं उलटं करा की सुलटं, दोन्हीकडे तेच देवळाचं पायऱ्यापायऱ्यांचं गोपूर. असं म्हणतात, तिनं काढलेल्या मोराला बघून साप वाट बदलायचे.

पण बाई महासंशयी. विद्या कुणाला दिली नाही. सुईत दोरा ओवायचा तर आधी दार लोटायची. नदीवर लुगडी वाळत घालायची तीही उलटी, कुणाला नक्षी दिसू नये म्हणून. आता ज्या कशिद्याला उलटी बाजूच नाही, तो उलटा घालून काय झाकणार? पण गर्वाला एवढं कुठलं सुचायला!

त्याच घाटावर तुंगव्वा धुणं धुवायची. नदीपलीकडून आलेली सून, गावाला परकी. धुणं आपटता आपटता तिनं ती लुगडी डोळ्यांत भरून घेतली. बाभळीच्या काट्याची सुई केली, गोणपाटावर हात बसवला. वर्षानं मोराच्या कशिद्याची चोळी घालून ती जत्रेला आली.

गंगव्वानं तिचा दंडच धरला. "सटवे, कुठनं उचललीस ही?"

"मी काढली, आजी."

"तू? तुला शिकवलं कुणी?"

"तुमच्या लुगड्यांनी की!"

"ऐका! माझा हात मी ओळखते. चोर आहे ही!"

पंच म्हणाले, सगळ्यांसमोर काढून दाखव, नाहीतर नवऱ्यासकट गाव सोड.

चावडीच्या दोन खांबांना कापड ताणून बांधलं. दोन्ही अंगांना बायका डोळ्यांत तेल घालून बसल्या. अलीकडच्या म्हणाल्या, सुई आमच्या बाजूनं चाललीय. पलीकडच्या म्हणाल्या, खोटं, आमच्या. असं म्हणतात, दोन्हीकडच्यांचं खरं होतं.

कापडावर गोपूर चढत होतं. गंगव्वाचं लक्ष मात्र त्याच्या तिसऱ्या पायरीवर. तरुणपणी तिथे तिचा एक टाका कमी पडला होता. मोजणारं कुणी नव्हतं, म्हणून ती पायरी जन्मभर आखूडच राहिली. तुंगव्वाची सुई तिथवर आली आणि एक टाका आधीच वळली.

"आखूड झाली गं!" कुणीतरी ओरडलं. "हिला कुठलं येतंय!"

तुंगव्वा गोंधळली. "आजींची अशीच असते. मला वाटलं, देवळाची पायरी अशीच असायची."

सगळ्यांनी गंगव्वाकडे बघितलं. 'माझी पुरी असते' एवढं म्हटलं की ती पोर वेशीबाहेर. लुगडी तर पेट्यांत, मोजायला कोण जाणार?

म्हातारीनं कापडाचे धागे बोटानं मोजले. परत मोजले.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "ती इतकी नेमकी हातात उतरायला मान मोडून बघावं लागतं. चोराला एवढी कळ कुठली?" मग तुंगव्वाला म्हणाली, "सरक तिकडं. काट्यानं मोर कसा वळवलास ते दाखव."

बेळकट्टीत आजही लुगडी सुलटीच वाळत घालतात. तिथल्या पोरी गोपुराची तिसरी पायरी एक टाका आखूड ठेवतात आणि तिला तुंगव्वाची पायरी म्हणतात. कुणी सगळ्या पायऱ्या सारख्या असलेलं लुगडं दाखवायला आणलं, की म्हाताऱ्या ते हातात घेतात, अलीकडून बघतात, पलीकडून बघतात, आणि डोळे बारीक करून विचारतात, "बाई, तू शिकलीस तरी कुणाकडून?"